पहाऱ्याचे वेळापत्रक आणि तारखांचे अपवाद

(संगणक-ओळख : पाठ पाचवा)



मागील पाठात आपण पाहिले, की वजनकाटे, केनयार्ड, शेतकी खाते, हिशेब खाते आणि गावोगावची गट ऑफिसे यांचे संगणक एकमेकांना जोडलेले असतात, आणि या सगळ्या जाळ्यावर नजर ठेवायला एक वेगळा प्रोग्रॅम नेमलेला असतो. तो ठराविक मिनिटांनी प्रत्येक यंत्राला हाक मारतो. यंत्राने ओ दिली की हिरवी खूण. ओ आली नाही तर आणखी दोन-तीनदा हाक, आणि तरीही गप्प, तर तांबडी खूण होऊन जबाबदार माणसाच्या मोबाईलवर निरोप. गोदामावरचा रात्रीचा पहारेकरी जे काम कंदील घेऊन करतो, तेच हे काम.

आता पहारेकरी नेमला म्हणजे त्याला सांगावे लागते, की बाबा रे, कोणत्या वारी किती वाजता फेरी मारायची, बिघाड दिसला तर कुणाला उठवायचे, आणि सणासुदीला नेहमीचा शिरस्ता कसा मोडायचा. माणसाला हे तोंडी सांगितले तरी भागते. तो आपल्या अकलेने चार गोष्टी भरून काढतो. यंत्राला अशी अक्कल नाही. जे लिहिले तेवढेच ते करते, आणि जसे लिहिले तसेच करते. म्हणून हे लिहायचे कसे, याचा आजचा पाठ.

कोणी म्हणेल, हे काम संगणक विभागाचे, आम्हा ऊसवाल्यांना त्याचे काय? तर असे बघा. हंगाम भरात आहे, रात्रीचे दोन वाजलेत, आणि काट्यावरच्या संगणकाचा ऑफिसशी संबंध तुटला. वजनाची नोंद पुढे जाईना. ट्रॅक्टर, ट्रक, बैलगाड्या एकामागे एक उभ्या. तोडलेला ऊस तर थांबत नाही, तो वाळतो. वजन घटते, साखर घटते, आणि काट्यावर जाण्याआधी जे घटले ते ज्याचा ऊस त्याचे गेले. शिवाय वजनाच्या नोंदीवर बिल. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, तेव्हा नोंदीचा घोळ बिलापर्यंत पोचतो. आता अशा रात्री निरोप कुणालाच गेला नाही, आणि सकाळी शोध घेता कळले की त्या तारखेवर कोणीतरी 'सुट्टी' लिहून ठेवली होती, तर? यंत्राने हुकूम पाळला. चूक वेळापत्रकात. तोडणीचा प्रोग्रॅम जितका आपल्या हिताचा, तितकेच हे वेळापत्रकही आहे.

पाठासाठी आम्ही नागिओस हा प्रोग्रॅम डोळ्यांपुढे ठेवला आहे. ईथन गालस्टाड या अमेरिकन गृहस्थांनी तो १९९९ साली नेटसेंट या नावाने बाहेर काढला. २००२ मध्ये त्याचे नागिओस झाले. पुढे २००९ साली त्याला आयसिंगा नावाचा फुटवा फुटला, आणि तोही चांगला वाढीला लागला. जुन्या नागिओसमध्ये वेळापत्रक फक्त सात वारांचे लिहिता येत असे. तारखांचे अपवाद लिहिण्याची सोय २००८ मधल्या तिसऱ्या आवृत्तीने आणली. खऱ्या फायलीत वार-महिने इंग्रजीत लिहावे लागतात. इथे समजायला सोपे जावे म्हणून आम्ही ते मराठीत लिहीत आहोत.

वारांची पाळी

शेतीपंपाच्या विजेचे वेळापत्रक आपल्या सर्वांच्या परिचयाचे. अमुक वारी दिवसा, तमुक वारी रात्री. पहाऱ्याचे मूळ वेळापत्रक याच जातीचे. एका ओळीत वार आणि त्यापुढे वेळ :

सोमवार ०८:००-२०:००
मंगळवार ०८:००-२०:००

असे रविवारपर्यंत. जो वार लिहिलाच नाही, त्या वारी पहारा नाही. एका दिवसात दोन तुकडे हवे असतील तर मध्ये स्वल्पविराम देऊन दोन्ही लिहावेत. चोवीस तास हवा असेल तर ००:००-२४:००. या पूर्ण वेळापत्रकाला एक नाव द्यायचे, म्हणजे मग प्रत्येक यंत्रापुढे नुसते नाव लिहिले की झाले. काट्याला 'अखंड', गट ऑफिसला 'दिवसपाळी', असे.

यात पहिला खड्डा मध्यरात्रीचा. रात्री आठ ते पहाटे चार ही पाळी घ्या. आपण बोलताना सरळ म्हणतो, 'सोमवारची रात्रपाळी'. पण दारे धरायला रात्री जाणाऱ्यालाही ठाऊक आहे, की बारा वाजले की कॅलेंडरात मंगळवार लागला. नागिओसचा दिवस मध्यरात्री सुरू होऊन मध्यरात्री संपतो, आणि वेळेचा तुकडा मध्यरात्र ओलांडू शकत नाही. म्हणून सोमवारची रात्रपाळी दोन ओळींत लिहावी लागते :

सोमवार २०:००-२४:००
मंगळवार ००:००-०४:००

पुष्कळ जण दुसरा तुकडाही सोमवारपुढेच लिहितात. तो तुकडा खरे पाहता रविवारच्या रात्रीचा झाला. सातही दिवस रात्रपाळी असेल तर ही चूक कधी दिसून येत नाही, कारण सगळ्या रात्री सारख्याच झाकल्या जातात. ज्या दिवशी एकाच रात्रीपुरते काही वेगळे लिहायची वेळ येते, त्या दिवशी ती अंगावर येते. सणाच्या सुट्टीत नेमके हेच होते, ते आपण शेवटी पाहू.

तारीख किती तऱ्हेने सांगता येते

वर्ष काही सात वारांनी संपत नाही. २६ जानेवारी कुठल्याही वारी येते. पंधरवड्याचे बिल वार बघून निघत नाही. म्हणून अपवाद. अपवाद लिहिताना आधी विचारायचे, की ही तारीख कोणत्या जातीची? जात चुकली की पहिल्या वर्षी सगळे ठीक चालते आणि दुसऱ्या वर्षी बिघडते.

काही दिवस दरसाल त्याच महिन्याच्या त्याच तारखेला येतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. यांना वर्ष लिहायचे नाही, नुसता महिना आणि तारीख. एकदा लिहिले की कायमचे झाले.

काही दिवस दर महिन्याला येतात. उसाचे बिल पंधरवड्याचे असते, म्हणजे १५ तारीख आणि महिन्याची अखेर या दोन दिवशी हिशेब खात्यावर ताण. १५ लिहिणे सोपे. अखेर मात्र ३० लिहिली तर फेब्रुवारीत ती येतच नाही, आणि ३१ लिहिली तर निम्मे वर्ष जवळजवळ वाया. त्याला उपाय आहे : उलटी मोजणी. दिवस 'उणे एक' असे लिहिले की तो महिन्याचा शेवटचा दिवस, मग तो २८ असो की ३१.

तिसरी जात आहे 'कितवा वार' ही. तिचे उत्तम उदाहरण बँकेचे. १ सप्टेंबर २०१५ पासून बँका दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद असतात. बिलाचे पैसे बँकेत जमा करणाऱ्या लाइनीचा पहारा लिहिताना 'शनिवार दुसरा' आणि 'शनिवार चौथा' असेच लिहिले पाहिजे. 'शेवटचा शनिवार' लिहून चालणार नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये पाच शनिवार होते, १, ८, १५, २२ आणि २९. चौथा २२ ला, बँक बंद. शेवटचा २९ ला, बँक उघडी. चार शनिवारांच्या महिन्यात चौथा आणि शेवटचा एकच असतो, म्हणून फरक लक्षात येत नाही एवढेच. हा घोळ आपल्याकडेच होतो असे नाही. अमेरिकेत थँक्सगिव्हिंग नावाचा सण १९४१ च्या कायद्याने नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी ठरवून दिला आहे, आणि तिथेही पुष्कळांच्या तोंडी 'शेवटचा गुरुवार' असतो. २०२३ च्या नोव्हेंबरात पाच गुरुवार आले. सण झाला २३ ला, आणि शेवटचा गुरुवार होता ३०.

चौथी जात म्हणजे वर्षासकट पूर्ण तारीख. २०२६-११-०८ अशी. ती एकदाच येते आणि गेली की गेली. दोन तारखा देऊन मधला सगळा काळही असाच लिहिता येतो.

कोणाचे चालते?

एकाच दिवसाला दोन ओळी लागू झाल्या तर? नागिओसमध्ये याची मानाची उतरंड ठरलेली आहे. वर्षासकट तारीख सर्वांत वर. तिच्याखाली 'अमुक महिन्याची अमुक तारीख'. तिच्याखाली 'दर महिन्याची तारीख'. मग अमुक महिन्यातला कितवा वार, मग दर महिन्यातला कितवा वार, आणि सर्वांत खाली साधा वार. जितके नेमके लिहाल तितका मान मोठा, असे ढोबळमानाने ध्यानात ठेवावे.

२८ फेब्रुवारी २०२६ हा दिवस घ्या. तो शनिवार, आणि चौथा शनिवार, आणि महिन्याचा शेवटचा दिवससुद्धा. बँकेच्या लाइनीपुढे समजा अशा दोन ओळी आहेत :

शनिवार चौथा ००:००-००:००
महिन्याचा शेवटचा दिवस १०:००-२२:००

पहिल्या ओळीत वेळ शून्य, म्हणजे पहारा नाही. दुसरीत बारा तास. कोण जिंकले? महिन्याची तारीख 'कितव्या वारा'पेक्षा वरची, म्हणून दुसरी ओळ. बँक बंद असूनही त्या दिवशी निरोप निघत राहतील आणि हिशेबनीस वैतागेल. नको असेल तर २०२६-०२-२८ ही पूर्ण तारीख लिहून वेगळा हुकूम द्यायचा. तो सगळ्यांच्या वर.

याच ठिकाणी आणखी एक गोष्ट नीट पाहून ठेवा, कारण आमच्या मते सर्वांत जास्त चुका इथेच होतात. अपवाद मूळ वेळेत भर घालत नाही, तो तिची जागा घेतो. हिशेब खात्याचा रोजचा पहारा १०:००-१८:००. बिलाच्या दिवशी आणखी चार तास हवेत, म्हणून कोणी लिहिले, 'दिवस १५, १८:००-२२:००'. त्याला वाटते, सकाळी दहापासून रात्री दहापर्यंत झाले. झाले असे, की १५ तारखेला दिवसभर पहारा उठला आणि फक्त संध्याकाळचा राहिला! लिहायला हवे होते १०:००-२२:००. बिलाचे काम ज्या दिवशी सर्वांत जास्त, नेमका तो दिवस उघडा पडतो.

तिथीचे काय करायचे

वरच्या चारही जाती इंग्रजी कॅलेंडरच्या. आपले सण तिथीने येतात, आणि अमावास्या-पौर्णिमा नागिओसला कळत नाही. त्याला पंचांग वाचता येत नाही म्हणून त्याच्यावर रागावण्यात अर्थ नाही. तिथीचे सण दरसाल वर्षासकट पूर्ण तारखेनेच लिहायचे, दुसरा मार्ग नाही.

दिवाळीचेच बघा. लक्ष्मीपूजन २०२३ मध्ये १२ नोव्हेंबरला होते, २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला, २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला आणि २०२६ चे ८ नोव्हेंबरला. दोन वर्षे मागे मागे सरकून एकदम पुढे उडी, कारण २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे. आता याच्याशेजारी गाळपाच्या तारखा ठेवा. राज्यातला हंगाम २०२३ मध्ये १ नोव्हेंबरपासून सुरू झाला, २०२४ मध्ये १५ नोव्हेंबरपासून, २०२५ मध्ये पुन्हा १ नोव्हेंबरपासून. म्हणजे २०२३ ची दिवाळी चालू हंगामात आली. २०२४ आणि २०२५ ची दिवाळी गव्हाण सुरू होण्याच्या आधीच उरकली. बंद हंगामातल्या दिवाळीला काट्यावर पहारा ढिला ठेवला तर काही बिघडत नाही. तीच यादी पुढच्या वर्षी नुसती तारखा बदलून वापरली आणि दिवाळी हंगामात आली, तर मात्र भरल्या यार्डात पहारेकरी झोपलेला. तेव्हा सणाची तारीख बदलताना, 'त्या दिवशी ऊस येतोय का?' हा प्रश्नही नव्याने विचारावा लागतो.

हंगामाच्या सुरुवातीची तारीख सरकार ठरवते, ती आधी कळते. शेवटची तारीख मात्र ऊस ठरवतो. कोणी हौसेने '३१ मार्चपर्यंत अखंड, नंतर दिवसपाळी' असे आगाऊ लिहून ठेवू नये. शिल्लक ऊस असला, पाऊस झाला, तोडणीच्या टोळ्या कमी पडल्या, तर गाळप पुढे जाते आणि एप्रिलात रात्री येणाऱ्या गाड्यांना वाली उरत नाही. शेवटची मोळी पडल्यावर, हंगाम बंद झाल्याचे जाहीर झाल्यावर, हाताने बदल करावा. पाच मिनिटांचे काम आहे.

परदेशी सुट्ट्यांची यादी

नागिओससोबत नमुन्याच्या फायली येतात. त्यांत एक सुट्ट्यांची यादी असते, ती अमेरिकेची. १ जानेवारी, मे महिन्याचा शेवटचा सोमवार, ४ जुलै, सप्टेंबरचा पहिला सोमवार, नोव्हेंबरातला थँक्सगिव्हिंग, २५ डिसेंबर. आणि तिच्या आधाराने लिहिलेले 'चोवीस तास, सुट्ट्या सोडून' असे एक तयार वेळापत्रकही असते. नाव वाचून कोणालाही वाटेल, की हे आपल्या कामाचे. ते काट्याला लावून बघा काय होते : २५ डिसेंबर आणि १ जानेवारी म्हणजे आपल्याकडे गाळप पूर्ण जोरात, गाड्यांची रांग लागलेली, आणि पहारेकरी नाताळच्या रजेवर! २०२५ चा थँक्सगिव्हिंग २७ नोव्हेंबरला होता, तोही ऐन हंगामात. उलट दिवाळीला, पाडव्याला त्याची रजा नाहीच. नमुना हा नमुना म्हणून वाचावा आणि आपली यादी आपण लिहावी.

यादी लिहिण्याच्या दोन रीती आहेत, आणि त्या एकमेकींच्या उलट्या आहेत, म्हणून जपावे. पहिल्या रीतीत सुट्टीची यादी मूळ वेळापत्रकात मिसळून घेतात, वारसा मिळाल्यासारखी. तिथे सुट्टीपुढे वेळ शून्य लिहायची, ००:००-००:००, म्हणजे 'या दिवशी पहाऱ्याची वेळ नाही'. दुसऱ्या रीतीत मूळ वेळापत्रकाला सांगतात, की 'त्या यादीतला वेळ तुझ्यातून वजा कर'. तिथे सुट्टीपुढे पूर्ण दिवस लिहायचा, ००:००-२४:००, कारण वजा करायला काहीतरी पाहिजे ना! शून्य वजा केले तर काहीच वजा होत नाही. पहिल्या रीतीने लिहिलेली यादी दुसऱ्या रीतीने जोडली, की एकही सुट्टी लागू होत नाही. प्रोग्रॅम तक्रार करीत नाही, कारण लिहिण्याच्या नियमांत ते बसते. नागिओसला फायली तपासायला सांगता येते, पण ती तपासणी शुद्धलेखनाची. अर्थ त्याला कळत नाही.

बघणे वेगळे, हाक मारणे वेगळे

आतापर्यंत आम्ही 'पहारा' असा एकच शब्द वापरला. त्यात दोन कामे आहेत, आणि प्रत्येकाला वेगळे वेळापत्रक लावता येते. एक, यंत्राची तपासणी केव्हा करायची. दोन, बिघाडाचा निरोप केव्हा पाठवायचा.

तपासणीच बंद केली तर त्या काळात यंत्राला कोणी हाक मारीत नाही, आणि पडद्यावर शेवटचा शेरा तसाच राहतो. संध्याकाळी हिरवे होते, रात्रभर हिरवेच. बघणाऱ्याला वाटते, सगळे आबाद आहे. शिवाय मागाहून नोंद काढली तर त्या रात्री काय झाले हे कळायला मार्ग नाही. निरोप बंद ठेवला आणि तपासणी चालू राहिली, तर तांबडी खूण होते, नोंद राहते, फक्त कोणाची झोपमोड होत नाही. आणि निरोपाची वेळ पुन्हा लागली तेव्हा बिघाड तसाच असेल, तर निरोप तेव्हा निघतो. झॅबिक्स नावाच्या दुसऱ्या एका प्रोग्रॅममध्ये तर देखभालीचा काळ लिहितानाच विचारतात, की मोजमाप चालू ठेवून की बंद करून?

आमचे स्पष्ट मत असे, की सुट्टीचा अपवाद तपासणीला कधीही लावू नये. तपासणी बारा महिने चोवीस तास. सुट्टी माणसाला असते, म्हणून ती माणसाच्या निरोपाला लावावी. यंत्राला हाक मारायला खर्च असा येतो तरी किती?

निरोपातही दोन चाळण्या आहेत. यंत्राच्या निरोपाची वेळ एक, आणि माणसाला गाठण्याची वेळ दुसरी. दोन्हींतून पार झाला तरच निरोप पोचतो. काट्याच्या निरोपाला 'अखंड' लावले म्हणून निश्चिंत झालो, आणि ज्याला निरोप जायचा त्याच्या नावापुढे 'दिवसपाळी' असेल, तर रात्री दोनला निरोप निघूनही वाटेतच अडकतो. दोन माणसे असतील आणि दोघांची सुट्टी एकाच तारखेला लिहिली असेल, तर तेच. रात्रपाळीला कोण, हे नावानिशी ठरलेले नसेल तर वेळापत्रक कितीही सुबक असो, फोन वाजणार नाही.

जे कॅलेंडरात बसत नाही

दर इतक्या दिवसांनी येणारी गोष्टही लिहिता येते. अमुक तारखेपासून दर पंधराव्या दिवशी, अशी. हे पाहून साफसफाईचा बंद असा लिहावा असे कोणालाही वाटेल. आम्ही तसे करू नये म्हणतो. सफाईचा दिवस दोन दिवस इकडे-तिकडे होतोच, आणि एकदा सरकला की पुढचे सगळे चुकत जातात. अशा कामासाठी नागिओसमध्ये 'ठरवून ठेवलेला बंद' म्हणून वेगळी सोय आहे. काम करायच्या दिवशी पडद्यावर वेळ आणि कारण लिहायचे, तेवढ्यापुरता निरोप थांबतो आणि वेळ संपली की आपोआप पूर्ववत. नेमके किती वाजता यंत्र बंद करणार हे ठरलेले नसेल, तर 'या चार तासांत जेव्हा बंद पडेल तेव्हापासून एक तास' असेही सांगता येते. वेळापत्रकाच्या फायलीला हात लावावा लागत नाही, आणि म्हणून ती मागे घ्यायची राहून गेली असेही होत नाही.

एक रात्र लिहून पाहू

लक्ष्मीपूजन, ८ नोव्हेंबर २०२६, वार रविवार. हंगाम चालू आहे असे धरू. काट्याच्या संगणकाची तपासणी अखंड, निरोपाची वेळ अखंड. संगणक विभागातला एक जण एरवी रात्रंदिवस निरोप घेतो. त्याने रविवारी रात्री आठ ते सोमवारी पहाटे चार एवढी पाळी घरच्यांसोबत राहायची परवानगी मागितली, आणि ती मिळाली. ती पाळी दुसऱ्याने पत्करली.

'०८ तारीख, वेळ शून्य' असे लिहिले तर पहिला माणूस रविवारी मध्यरात्रीपासूनच सुटला, म्हणजे संध्याकाळी आठपर्यंतचे वीस तास उघडे. आणि बारा वाजता ९ तारीख लागली की त्याची रजा संपली. फराळ करून झोपलेल्या माणसाचा फोन बारानंतर वाजणार. दोन्हीकडून नुकसान. बरोबर असे :

२०२६-११-०८ ००:००-२०:००
२०२६-११-०९ ०४:००-२४:००

ही त्याच्या वेळापत्रकात. अपवाद जागा घेतो, म्हणून उरलेले वीस तास लिहून दाखवावे लागले. आता दुसऱ्याच्या वेळापत्रकात :

२०२६-११-०८ २०:००-२४:००
२०२६-११-०९ ००:००-०४:००

दुसऱ्याला त्या दिवशी एरवीची दिवसपाळीही असेल, तर तीही याच ओळींत स्वल्पविराम देऊन लिहावी, नाहीतर ती गेली.

मग कागदावर दोन्ही वेळापत्रके शेजारी ठेवायची आणि घड्याळाचे काटे फिरवीत बोट लावून विचारायचे : रविवारी सायंकाळी सात, फोन कुणाचा? पहिल्याचा. रात्री नऊ? दुसऱ्याचा. सोमवारी पहाटे दोन? दुसऱ्याचा. पहाटे पाच? पहिल्याचा. एकाही वेळेला 'कुणाचाच नाही' असे उत्तर आले नाही, म्हणजे फाईल चढवायला हरकत नाही. चढवल्यावर दिवाळीच्या आधी एखाद्या दुपारी काट्याच्या संगणकाची तार मुद्दाम काढून, निरोप खरोखर पोचतो का, तेही पाहून घ्यावे. गाडी काट्यावर नसताना, एवढे मात्र सांभाळून.